दूधराजामागची फांदी

धार, १९ मे २०२४

अल्पना,

आशीर्वाद. सोबत तीन फोटो आहेत. मोबाईलवर पाठवता आले असते, पण मोबाईलवर फोटो दाखवणं म्हणजे पाहुण्याला खिडकीच्या काचेतून जेवणाचं ताट दाखवणं. म्हणून कागदावर छापून टपालाने पाठवतोय, आणि एवढं तिकीट लावलंच आहे तर पत्रही.

तुमच्या देवासच्या मंडळात यंदा गणपतीत ‘रानातले शेजारी’ नावाचं फोटोंचं प्रदर्शन आहे आणि निवडसमितीत तू आहेस, हे तुझ्या ताईकडून कळलं. मी फोटो देणार आहे. भाऊजींना पक्ष्यांतलं काय कळतं, असं तू म्हणशील. म्हण. मेहुणीला तेवढा हक्क असतो. पण तुमच्या मोरोपंत अध्यक्षांना तो कुणी दिला? आपल्या नात्यातल्या पियुषच्या साखरपुड्यात भर पंगतीत ते म्हणाले, ‘फणसे ना? ते लग्नांचे फोटोवाले. हनुवटी वर करा म्हटलं की माणूस करतो; जनावर थोडंच ऐकणार आहे?’ पंगत हसली. मीही हसलो, कारण ताटात श्रीखंड होतं.

अडतीस वर्षं मी धारमधली लग्नं टिपली. दिवाळीत स्टुडिओ बंद केला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तेव्हापासून लोक माझी ओळख ‘हे पूर्वी फोटोग्राफर होते’ अशी करून देतात. जिवंत माणसाला होता म्हणणं बरं नव्हे. मंडळाच्या भिंतीवर माझा फोटो लागला पाहिजे आणि मोरोपंतांनी त्याच्यासमोर मान वर करून उभं राहिलं पाहिजे. मला एवढंच हवंय.

नालछा गावाच्या अलीकडे भूपेंद्रचं शेत आहे. त्याच्या लग्नाचा अल्बम मीच केला होता, म्हणून अजून ओळख ठेवून आहे. शेताच्या कडेला नाला, नाल्यात उन्हाळाभर टिकणारा एक डोह, आणि डोहावर वाकलेल्या करंजाच्या फांदीवर दूधराजाचं घरटं. नर पांढराशुभ्र, डोकं काळं कुळकुळीत, शेपटीच्या दोन फिती हातभर लांब. मादी तांबूस. दोघं आळीपाळीने अंडी उबवतात. नर बसला की फिती वाटीसारख्या घरट्याबाहेर लोंबतात, जसा काही कुणी उपरणं वाळत घातलंय.

फोटो बघ आणि खरं सांग.

मारुती


देवास, २३ मे २०२४

भाऊजी,

साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतो, तेव्हा उभ्यानेच स्वीकारा.

खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते. पहिला फोटो: पानं. दुसरा फोटो: पानं, जरा वेगळी. तिसऱ्यात पानांच्या मागे कुणीतरी आहे असा संशय येतो. घरट्याच्या डाव्या बाजूच्या त्या तीन फांद्या फारच पुढे पुढे करतात. ग्रुप फोटोत नवऱ्याचा काका मध्ये येऊन उभा राहतो ना, तशा. त्यात उन्हाचे कवडसे असे पसरलेत की चितळ, बिबट्या, दूधराज किंवा आमचे प्राचार्य, कुणीही तिथे बसले असते तरी ठिपकेच दिसले असते.

तरी हिंमत हरू नका, कारण बाकीच्या प्रवेशिका आल्या आहेत. एकाने गच्चीवरचा मोर पाठवलाय, मागे पाण्याची टाकी. एकाने सोनकच्छजवळ टिपलेला लांडगा पाठवलाय. लांडग्याच्या गळ्यात पट्टा आहे. मोरोपंत म्हणाले, फोटो कसा स्वच्छ पाहिजे, पक्षी ताटात वाढल्यासारखा. त्यांचं सौंदर्यशास्त्र कॅलेंडरवर सुरू होतं आणि कॅलेंडरवरच संपतं.

शेवटची तारीख तीस जून. मी जीवशास्त्र शिकवते, कॅमेरा नाही, पण एवढं कळतं की ढग आला की कवडसे जातात. थोडं थांबून बघा.

अल्पना


धार, ३१ मे २०२४

अल्पना,

ढगाची कल्पना छान आहे. ती मे महिन्यातल्या माळव्याच्या आकाशाला कळव.

तुझं पत्र वाचून सात दिवस त्या नाल्यात काढले. आता ऐक. दूधराज सावलीत असतो आणि सावलीला हजार भोकं असतात. त्याच्या पांढऱ्या पाठीवर एक कवडसा पडला की तेवढा भाग चुन्यासारखा होऊन जातो, पिसं नाहीत, काही नाही, नुसता पांढरा डाग. पांढरं सांभाळायला उजेड कमी करावा तर डोकं मागच्या अंधारात बुडतं आणि बिनडोक्याचा पक्षी उरतो. फोकस पक्ष्यावर लावावा तर तो जवळच्या पानाला जाऊन चिकटतो. पान हलत नाही, त्याला घाई नाही, फोकसला तेच आवडतं. खाली बसून पाहिलं, झोपून पाहिलं, पहाटे पाहिलं. पहाटे उजेड सारखा असतो, पण इतका थोडा की पक्ष्याने मान वळवली तरी धूर झाल्यासारखं येतं.

आमच्या धंद्यात हे सोपं होतं. नवरीच्या डोक्यामागे बल्ब लोंबत असला तर बल्ब हलवायचा. सासूबाई मध्ये आल्या तर त्यांना म्हणायचं, काकू, तुमचा सिंगल काढूया नंतर. त्या खूश होऊन बाजूला होतात. तो सिंगल कधीच काढायचा नसतो. अडतीस वर्षांत मी एकाही नवरीच्या मागे कचरा राहू दिला नाही. तुझ्या ताईला विचार, आमच्या स्वतःच्या लग्नात मी हार घालायचा सोडून मागची झालर सरळ करायला गेलो होतो.

पण फोटो मी काढणार. अंड्यांतून पिलं आली की दोघं सारखे येत-जात राहतील, तेव्हा संधी. भूपेंद्र म्हणतो, आठ-दहा दिवस.

मारुती


देवास, ४ जून २०२४

भाऊजी,

झालरीची गोष्ट ताईने मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितली होती, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

तुमच्या पत्रातली पानाची तक्रार मी समितीत वाचून दाखवली. मोरोपंतांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘मी म्हटलं नव्हतं?’ मला राग आला, आणि राग आला की मी शब्द देऊन बसते. मी म्हटलं, फणशांचा फोटो येईल आणि तो भिंतीच्या मधोमध लागेल. आता तुमच्याबरोबर माझंही नाक त्या फांदीवर टांगलंय. तेव्हा ती पानं, ते कवडसे, तो सगळा पसारा, त्याचं काय करायचं ते करा, पण मला पक्षी दिसला पाहिजे.

अल्पना


धार, ११ जून २०२४

अल्पना,

पाकीट उघडण्याआधी हात धुऊन घे.

बघितलास? आता बोल. काल सकाळी दहाची वेळ. मागे एक पान आडवं नाही, पलीकडच्या काठाची गर्द हिरवळ तेवढी, तीही लोण्यासारखी मऊ. उजेड एकसारखा, एक डाग नाही. पिसन् पीस मोजून घे. आणि ती पोझ! नर घरट्याच्या काठावर उभा आहे, दोन्ही पंख अर्धे उघडून, चोच उघडी, जसा दरबारात कुणी भालदार ललकारी देतोय. मी काही सांगितलं नाही, हनुवटी वर करा म्हटलं नाही, त्याचं तोच उभा राहिला. बराच वेळ. मी चार फोटो काढले, चारही पाठवतोय. खाली तीन पिलांच्या तीन चोची दिसतात.

कसं जमलं ते विचारू नकोस. धंद्यातल्या युक्त्या असतात. भूपेंद्र शेजारी उभा राहून काहीतरी बोलत होता, पण तो नेहमीच बोलत असतो.

मोरोपंतांना दाखव. त्यांच्या चेहऱ्याचाही फोटो कुणीतरी काढून ठेवला तर बरं.

मारुती

ता. क. गुड्डी, मी ताई लिहितेय. पन्नाशीची झालीस तरी तू गुड्डीच. तुझे भाऊजी कालपासून घरात मूंछ नसताना मूंछवर ताव देत फिरतायत. फोटो खरंच भारी है. एक विचारायचं होतं, माझ्या कुंड्यांची कात्री ते रानात घेऊन गेले होते. मला वाटलं फुलं आणतील. फुलं नाहीत, कात्रीला नुसता चीक. करंजाचा चीक कशाने निघतो गं?

सुमंगला


देवास, १३ जून २०२४

भाऊजी,

हार मान्य. समितीच्या पाचही लोकांनी, शेवटच्या तारखेचीही वाट न बघता, एकमुखाने पहिला नंबर दिला. तुमचा फोटो पोस्टरवर जातोय, प्रदर्शनाच्या दारात दारभर उंचीचा. मोरोपंतांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, मग विचारलं, ‘हे फणसेच ना, धारचे?’ दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं, दुसऱ्यांदा जरा सावकाश.

मीही बराच वेळ पाहत बसले. वर्गात दाखवणार आहे. भालदाराची उपमा मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हती. आता ती मी माझी म्हणून वापरणार.

ताईला सांगा, चीक खोबरेल तेलाने निघतो.

अल्पना


देवास, १४ जून २०२४

भाऊजी,

कालचं पत्र मिळालं असेल तर बाजूला ठेवा. सकाळपासून चार वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. शेवटी ताईला सांगितलं, त्यांना आधी नाल्यावर पाठव, का ते मी लिहून पाठवते. तोंडी सांगितलं तर तुम्ही ‘आवाज कटतोय’ म्हणाल.

पोस्टरचा नमुना आज छापून आला. दारभर उंच. पाकिटातल्या फोटोत जे दिसलं नव्हतं ते दारभर झाल्यावर दिसलं. तुमचा भालदार ललकारी देत नाहीये. अकरावीला दर वर्षी शिकवते की पक्ष्याला घाम येत नाही. तो तापला की चोच उघडून धापा टाकतो. चारही फोटोंत त्याची चोच उघडी आहे. आणि पंख? पंखांची सावली कुठे पडलीय ते बघा. नेमकी तिन्ही पिलांवर. तो उभा राहिला नव्हता भाऊजी, त्याला उभं राहावं लागलं होतं. तो पिलांवर छत्री धरून होता.

मग मी तुमचे मे महिन्यातले फोटो शेजारी मांडले. तिथे डाव्या बाजूला करंजाच्या तीन फांद्या आहेत. यात नाहीत. त्या जागी कोपऱ्यात एक फिकट ठिपका आहे. काल मला ते फूल वाटलं. ते ताजं कापलेलं टोक आहे. आणि माझी भोळी ताई मला चीक कशाने काढायचा ते विचारते, आणि मी, जीवशास्त्राची बाई, खोबरेल तेल सुचवते.

सगळा दोष तुमच्यावर टाकून मोकळं व्हायची फार इच्छा आहे. पण त्या फांद्यांना नावं मीच ठेवली होती, आणि पसाऱ्याचं काय करायचं ते करा असंही मीच लिहिलं होतं. पाहुण्यांच्या घरात शिरून तुम्ही त्यांचं छत काढलंत, आणि मी त्या घरातल्या उजेडाचं कौतुक केलं. सावली गेली तर ऊन आहेच, पण आडोसाही गेला. आता ते घरटं कावळ्याला, पिलं पळवणाऱ्या टकाचोराला, सगळ्यांना दिसणार, जसं तुमच्या लेन्सला दिसलं.

उत्तर पाठवू नका. आधी जा.

अल्पना


धार, १७ जून २०२४

प्रिय गुड्डी,

हे चोरून लिहितेय. त्यांना पत्रासारखं पत्र लागतं, मला नुसतं हाल-हवाल सांगता येतं.

तुझा फोनवरचा निरोप दिला तर ते हलले नाहीत. तुझं पत्र आलं तर त्यांनी वाचलं, घडी केली, परत उघडलं, वाचलं. मग म्हणाले, मास्तरणीला पुस्तकातलंच दिसतं. जेवले नाहीत. कॅमेरा घेऊन गेले, तुला खोटं पाडायला. दुपारी परत आले. मी विचारलं, पिलं ठीक आहेत ना, तर न्हाणीघरात गेले आणि पाणी सोडून बसले.

आज तीन दिवस झाले. रोज पहाटे पहिल्या बसने जातात, दिवेलागणीला येतात. हाताला खरचटलंय, विचारलं तर म्हणतात बांबू. गुड्डी, कॅमेरा घरी आहे. मी दोनदा कपाट उघडून हात लावून बघितला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तेरवीलासुद्धा ते कॅमेरा घेऊन जात. आता रिकाम्या हाताने जातात म्हणून मला भीती वाटते.

तू काही लिहू नकोस. मी बघते.

सुमंगला


धार, २२ जून २०२४

अल्पना,

तुझ्या ताईने तुला चोरून पत्र लिहिलं ते मला माहीत आहे. तिकीट माझ्याच डब्यातलं होतं.

आता माझं ऐक, क्रमाने सांगतो.

पंधराला मी तुला खोटं पाडायला गेलो. शेताच्या बांधावर बसलो, लांब. म्हटलं, हा आरामात बसलेला असेल, फोटो काढू आणि मास्तरणीच्या तोंडावर मारू. साडेनऊला कापलेल्या जागेतून ऊन आत आलं. थेट घरट्यावर. नर आला, काठावर उभा राहिला आणि त्याने पंख उघडले. मी घड्याळ लावलं. एक्केचाळीस मिनिटं. मी नवऱ्या मुलाला दोन मिनिटं हलू नको म्हटलं तर त्याच्या कपाळाला घाम फुटायचा आणि मावशी रुमाल घेऊन धावायची. मादी चारा घेऊन आली की हा बाजूला सरके, तेवढ्यात पिलांवर ऊन पडे, हा परत येई. आणि मी फोटोत ज्याला दरबार म्हटलं ते हे होतं.

मग मी चोची मोजल्या. तीन नव्हत्या. दोन होत्या.

भूपेंद्र म्हणाला, बाराच्या सकाळी टकाचोर आला होता, सरळ घरट्यावर, शोधावंही लागलं नाही. त्याने दगड मारून हाकलला तोवर एक गेलं होतं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. मी कात्री चालवत होतो तेव्हा भूपेंद्र काय बोलत होता ते मला चांगलं ऐकू आलं होतं. तो म्हणाला होता, ‘भिया, इनका घर को छप्पर क्यूं उतारी रिया हो?’ मी त्याला म्हटलं, दोन मिनिट की बात है. अडतीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो. पण लग्नात दोन मिनिटांनी बल्ब परत जागेवर लावता येतो.

मी म्हटलं, कापलेल्या फांद्या परत बांधू. भूपेंद्रने माझ्याकडे बघितलं, जसे आपण मोरोपंतांकडे बघतो. त्या सुकून चहाच्या भुकटीसारख्या झाल्या होत्या. मग त्याने सुचवलं ते केलं. ऊन डोक्यावरून पुढे गेल्यावर डोहाच्या काठाला दोन बांबू रोवले, घरट्यापासून चार हात दूर, आणि त्यांना पळसाच्या पानांच्या डहाळ्या बांधल्या. आठ मिनिटांत बाहेर. पक्षी परत येतात की नाही हे बघायला आम्ही बांधामागे पालथे पडलो होतो. मादी वीस मिनिटांनी आली. ती वीस मिनिटं मला त्या नराच्या एक्केचाळिसांपेक्षा जड गेली. पळसाची पानं दुसऱ्या दिवशी मान टाकतात, म्हणून रोज संध्याकाळी नव्या डहाळ्या. माझं काम बांबू धरायचं, कारण गाठी मारायला तो मला हात लावू देत नव्हता.

वीस तारखेला दोन्ही पिलं उडाली. एक सकाळीच. दुसरं घरट्याच्या काठावर बसून आईबापाशी अर्धा तास भांडलं आणि मग गेलं. आता ती झुडपात आहेत, दिसत नाहीत. नाही दिसत तेच बरं.

भूपेंद्र आदल्या संध्याकाळीच म्हणाला होता, ‘कल उड़ी जायगा,’ म्हणून कॅमेरा नेला होता. बांधावरून एकच फोटो काढला. सोबत आहे. यात करंज आहे, बांबू आहे, घाणेरी आहे, मुंग्यांनी पानं शिवून केलेली घरटी आहेत, आणि चारशे तरी कवडसे असतील. त्यातला एक कवडसा म्हणजे दूधराजाची छाती आहे. पांढरं जळू नये म्हणून उजेड इतका कमी ठेवला की बाकी सगळं संध्याकाळसारखं आलंय. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मोरोपंतांना पक्षी सापडणार नाही.

आता माझी विनंती, आणि विनंती म्हणजे अट. पोस्टर रद्द कर. स्पर्धेतून मला वगळ. पण तो स्वच्छ फोटो भिंतीवर राहू दे, मधोमध, तू शब्द दिला होतास तसा, आणि त्याखाली ही चिठ्ठी लाव. माझ्या अक्षरात लिहून देतोय, छापून घेऊ नकोस:

‘या फोटोत नर दूधराज पंख पसरून पिलांवर सावली धरतो आहे. तिथली सावलीची फांदी मी कापली. तीन पिलांपैकी दोन वाचली. — मारुती फणसे, फोटोग्राफर, धार.’

शेवटून दुसरा शब्द खोडू नये. तो खरा आहे.

दुसरा फोटो शेजारी लाव. त्याला चिठ्ठी नको. मी येणार नाही. तुझी ताई येईल.

मारुती


देवास, १२ सप्टेंबर २०२४

भाऊजी,

नमस्कार. या वेळी बसून, कारण चार दिवस उभी होते.

चिठ्ठी लागली. दोन तास मीटिंग झाली. मोरोपंत म्हणाले, मंडळाच्या भिंतीवर असले कबुलीजबाब लागायला लागले तर उद्या लोक कार्यकारिणीकडूनही मागतील. मी म्हटलं, ही भीती इतिवृत्तात लिहून घेऊया का? मत घेतलं, तीन विरुद्ध दोन, चिठ्ठी जिंकली. पहिला नंबर एका वटवाघळाला मिळाला. पट्ट्याच्या लांडग्याला उत्तेजनार्थ.

पण पुढचं ऐका. तुमची चिठ्ठी मराठीत, आणि आमची तरुण मंडळी सगळी हिंदी शाळेतली. अक्षर लावता लावता आरती सुरू व्हायची. मग पोरांनी जवळ जे वडीलधारे दिसले त्यांना गाठलं, ‘दादाजी, ये क्या लिखा है, पढ़ के बताओ ना.’ दादाजी म्हणजे मोरोपंत. अध्यक्षाची खुर्ची नेमकी त्या फोटोखाली होती. त्यांनी उठून, मान वर करून, खड्या आवाजात वाचलं, आणि मग हिंदीत समजावलं, ‘सावली की डाल मैंने काट दी.’ पहिल्या दिवशी अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या शाळा आल्या, तेव्हा मी मोजणं सोडलं. ‘मैंने काट दी, मैंने काट दी.’ एका बाईंनी शेवटी त्यांना विचारलंच, ‘आपको शर्म नहीं आई?’ मोरोपंत खुर्चीत बसले. मला वाटलं आता मला बोलावून ओरडतील. पण ते परत उठले आणि पुढच्या घोळक्याला त्यांनी आधीच सांगितलं, ‘फोटोग्राफर धार के हैं. बड़े फोटोग्राफर हैं. उन्होंने खुद लिख के दिया है.’

ताई शेजारी होती. तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या फोटोसमोर माणसं थांबत होती. कुणी बोट ठेवून शोधत होतं, काचेवर इतके ठसे पडले की रोज पुसावी लागली.

एक सांगून ठेवते. इंदूरहून तिघं जण आले होते, खांद्यावर तोफेएवढ्या लेन्स. त्यांनी तुमचा पत्ता मागितला. मी घराचा दिला. नाल्याचा विचारत होते. म्हटलं मला दिशा कळत नाहीत, मी बाईमाणूस. असं खोटं बोलायला मजा येते.

अल्पना


धार, १९ सप्टेंबर २०२४

अल्पना,

आशीर्वाद. मोरोपंतांचं वाक्य तुझ्या ताईने मला आल्या आल्या सांगितलं, मग जेवताना सांगितलं, आणि काल शेजारच्यांना सांगताना मी दाराआड ऐकलं. मूंछ ठेवायचा विचार करतोय.

ते तिघं परवा आले. माझा स्टुडिओ सामानासकट विकला असता तरी त्यांची एक लेन्स आली नसती. चांगली पोरं आहेत, पाया पडली. मग एक म्हणाला, ‘काका, बस लोकेशन भेज दो, अगले सीज़न में बैकग्राउंड हम क्लीन कर लेंगे, आप टेंशन मत लो.’ मी दुसऱ्या फोटोची मोठी छापील प्रत आणून खाटेवर पसरली. म्हटलं, आधी यात पक्षी दाखवा.

तुझ्या ताईने चहा केला, तो निवला. पहिल्याने एक पान दाखवलं. दुसऱ्याने मुंग्यांचं घरटं दाखवलं आणि पैज लावायला तयार झाला. तिसरा, दाढीवाला, फोटोवर वाकून बसला होता. त्याने बऱ्याच वेळाने विचारलं, ‘काका, आपने ये कितनी दूर से लिया?’ मी त्याला वेगळा बसवला आणि भूपेंद्रच्या बांधापासून घरट्यापर्यंत किती पावलं होती ते सांगितलं. बाकीचे दोघं अजून कवडसेच मोजत होते. नाला मी तिघांनाही सांगितला नाही, पण दाढीवाल्याला पुढच्या मे महिन्यात फोन कर म्हटलं.

भूपेंद्रला हे सांगितलं तर त्याने मलाच अट घातली. बांधाच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, कात्री, कोयता, काठी काही आणायचं नाही, आणि जो येईल त्याने आधी तसं लिहून द्यायचं. त्याला हिंदी वाचता येतं, तो तपासतो. माझं लिहून घेतलंय, अंगठ्यासकट, सही असूनही.

तुला यायचं असेल तर तसंच लिहून पाठव. मराठीत चालेल, त्याला मी वाचून दाखवीन. तुझ्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय मी तुला नालछ्याचा फाटासुद्धा दाखवणार नाही, मग तू मेहुणी असलीस तरी.

मारुती फणसे
फोटोग्राफर